गंधार नसलेली कॉर्ड: सानगडीची तालीम, देवगिरीचा ग्रंथ आणि गिटारच्या सहा मोकळ्या तारा

हेडफोन लावले असतील तर उत्तम, कारण आज थोडं बारीक ऐकायचं आहे. आजचा भाग ऐकताना वाजवून बघायचाय. घरात कुठं धूळ खात पडलेली गिटार असेल तर काढा बाहेर. नसेल तर मोबाईलवरचं गिटारचं ॲपही चालेल.

मी सानगडीचा. भंडारा जिल्हा, साकोली तालुका. गावात जुना किल्ला, गावाबाहेर धानाचे बांध. आणि दिवाळी झाली, धान निघालं, की आमच्या सगळ्या झाडीपट्टीत एकच विषय: मंडई आणि नाटक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, आणि त्या रात्री नाटक होतं. रात्रभर. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांचं मुख्य ठाणं. तिथं कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथूनच बुकिंग होतं. २०२३ साली गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ना, ती याच रंगभूमीच्या कामासाठी.

माझा मामा या नाटकांत ऑर्गन वाजवायचा. पायानं भाता मारायचा तो ऑर्गन. आणि मी अकरावीत असताना सुट्टीत नवीकोरी गिटार घेऊन त्याच्या तालमीला गेलो. दुपारची वेळ होती. पद सारंगाच्या अंगाचं होतं. मी मोबाईलवर बघून शिकलेल्या कॉर्ड्‌स जोरात लावल्या. ए मेजर, डी मेजर, ई मेजर. मला वाटलं, आता सगळे वा वा करणार.

मामानं भाता थांबवला. म्हणाला, "बापू, तुयी गिटार चांगली हाये. पन तू सारंगात गंधार घुसवून रायला. सारंगात गंधार कुठी रायते?"

पुढं काहीच बोलला नाही. तालीम सुरू झाली, मी गिटार कव्हरमध्ये घातली आणि कोपऱ्यात बसलो. त्या मंडईत मी वाजवलं नाही. पुढच्या मंडईतही नाही. दोन वर्षं मला वाटत राहिलं की हे वाद्य आपल्या गाण्याचं नाहीच. ज्याला 'ग' टाळता येत नाही, त्यानं इथं कशाला बसायचं?

आजचा भाग त्या प्रश्नाच्या उत्तराचा आहे. उत्तर एका कॉर्डमध्ये होतं, आणि त्या कॉर्डचा इतिहास बराच लांबून येतो.

गंधार येतो कुठून?

आधी मामाची तक्रार समजून घेऊ. साधी मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. दोन्हींत मधला स्वर गंधारच. कॉर्ड आनंदी वाटते की उदास, हे तोच ठरवतो. म्हणजे कुठलीही साधी कॉर्ड लावा, गंधार आलाच. आणि मधमाद सारंगात स्वर कोणते? सा, रे, म, प, कोमल नी. गंधार नाही, धैवत नाही. मी तीन कॉर्ड वाजवल्या आणि तिन्हींत रागाबाहेरचे स्वर ओतले. मामा थांबला नसता तरच नवल.

यात अजून एक गोम आहे. गिटारचे पडदे बारा समान भागांत बसवलेले असतात. या समान वाटणीत शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा चढा लागतो. सेंट नावाच्या मापात सुमारे १४ सेंट. एका अर्ध्या स्वरात १०० सेंट असतात, म्हणजे हा फरक तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला नक्की टोचतो. पण मध्यम आणि पंचम? त्यांत फरक फक्त २ सेंटचा. जवळजवळ शून्य. थोडक्यात, गिटारवर गंधार हा कमी शहाणा स्वर आहे, आणि सगळ्यांत शहाणे म आणि प.

असाच वाद पेटीवरही झाला होता. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. कारणं हीच: स्वर ठोकून बसवलेले, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं रेडिओवर पेटी नाही, आणि त्याच काळात महाराष्ट्रातल्या नाटकांत, भजनांत, कीर्तनात पेटी आणि ऑर्गन बिनधास्त वाजत होते. तेव्हा मंडळी, 'हे वाद्य आपलं नाही' हे वाक्य मामाच्या ऑर्गननंही ऐकलेलं आहे.

लटकलेला स्वर

आता युरोपात जाऊ. सोळाव्या शतकातलं चर्चचं गाणं डोळ्यांसमोर आणा. चार आवाज एकदम गातायत. तीन आवाज पुढच्या सुरावळीवर गेले, चौथा मात्र मागचाच स्वर धरून राहिला. क्षणभर ताण निर्माण झाला. मग तो एक पायरी खाली उतरला आणि सगळं जुळलं. या धरून ठेवण्याला नाव पडलं सस्पेन्शन, म्हणजे लटकवणं. गिटारच्या पुस्तकात 'सस' लिहिलेलं असतं ते हेच. 'सस फोर' म्हणजे गंधाराच्या जागी लटकलेला मध्यम. त्यात कोमल नी घातला की झाली सेव्हन सस फोर: सा, म, प, कोमल नी.

जुना नियम कडक होता. लटकलेला स्वर आधीपासून वाजत असला पाहिजे, आणि नंतर तो खाली उतरलाच पाहिजे. मध्यमानं गंधारावर यायचं. नाही आला तर वाक्य अर्धवट.

१७२२ साली फ्रान्सच्या रामो या संगीतकारानं हार्मनीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली एक कल्पना आजही प्रत्येक गिटार क्लासमध्ये शिकवतात: कॉर्डचे स्वर तेच ठेवले आणि फक्त सगळ्यांत खालचा स्वर बदलला, तरी कॉर्ड तीच राहते. तिला इन्व्हर्जन म्हणतात. आपण उलटी मांडणी म्हणू. घरातली माणसं तीच, दारात उभा कोण एवढंच बदलतं.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, असलं काहीतरी आपल्याकडेही आहे. आणि आहे! तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, म्हणजे आजच्या दौलताबादला, शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात मूर्च्छना सांगितली आहे: स्वरांची रांग तीच, पण सुरुवात वेगळ्या स्वरापासून. तिची कल्पना त्याहून जुन्या नाट्यशास्त्रातही आहे. फरक नीट लक्षात ठेवा हं. इन्व्हर्जनमध्ये फक्त खालचा स्वर बदलतो, कॉर्डचं मूळ घर तेच धरतात. मूर्च्छनेतून नवा राग काढताना घरच बदलतं, षड्जच दुसरीकडे जातो. दोन्ही एक नाहीत. पण सस कॉर्डमध्ये या दोघांची भेट होते. कशी, ते आता हातानं बघू.

काहीच न दाबता

गिटार घ्या. डाव्या हातानं काहीच दाबू नका. जाड्या तारेकडून पहिल्या चार तारा छेडा: ई, ए, डी, जी.

(इथे मोकळ्या चार तारांचा आवाज आहे.)

ऐकलं? ही ए सेव्हन सस फोर आहे. ए ला सा माना. मग ई म्हणजे प, ए म्हणजे सा, डी म्हणजे म आणि जी म्हणजे कोमल नी. चारही स्वर हजर. फक्त दारात सा ऐवजी प उभा आहे, म्हणून हे दुसरं इन्व्हर्जन. जगातली प्रत्येक सरळ लावलेली गिटार कुणीही हात न लावता या कॉर्डमध्येच बसलेली असते.

आता उरलेल्या दोन तारा जोडा: बी आणि परत ई. बी म्हणजे रे. म्हणजे सहा मोकळ्या तारांत स्वर कोणते झाले? सा, रे, म, प, कोमल नी. मंडळी, हा मधमाद सारंग आहे. पाचच्या पाच स्वर, एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

हे मला कळलं तेव्हा मी रात्री अकराला उठून बसलो होतो, खरं सांगतो. ज्या वाद्याला मी दोन वर्षं 'सारंग येत नाही' म्हणून कपाटावर टाकलं होतं, ते कव्हरमध्ये पडल्या पडल्या सारंगातच होतं. गंधार गिटारमध्ये नव्हता. तो माझी बोटं आणत होती.

हा चमत्कार नाही, यामागं हिशोब आहे. स्पेनमधल्या जुन्या गिटारला तारांच्या पाच जोड्या असत, आणि लावणी हीच: ए, डी, जी, बी, ई. खालची ई अठराव्या शतकात जोडली गेली. शेजारच्या दोन तारांत अंतर सा ते म एवढं, फक्त जी आणि बी यांच्यात सा ते ग एवढं. हाताला सोपं पडावं म्हणून ही सोय होती. आता स्वरांची साखळी बघा: बी, ई, ए, डी, जी. प्रत्येकाचा पुढचा स्वर हा त्याचा मध्यम. अशा पाच कड्या जोडल्या की पाच स्वरांचा राग तयार होतो. आपल्याकडे नाट्यशास्त्रापासून संवादाची हीच कसोटी आहे: नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर, म्हणजे सा-म किंवा सा-प. स्पेनच्या कारागिराला सारंग माहीत नव्हता, पण दोघांचा कान एकाच नात्यावर विसावला होता.

याच साखळीतून मूर्च्छना काढा. स्वर तेच पाच, फक्त सा हलवा. ए ला सा मानलं तर मधमाद सारंग. बी ला मानलं तर मालकंस. डी ला मानलं तर दुर्गा. ई ला मानलं तर धानी. जी ला मानलं तर भूप. पाच राग, आणि बोट एकही नाही.

चार दारं

आता ए सेव्हन सस फोर चारही प्रकारे वाजवू. तारांचे नंबर नेहमीचेच: सगळ्यांत बारीक ती पहिली, सगळ्यांत जाडी ती सहावी.

मूळ मांडणी, दारात सा: सहावी तार वाजवायची नाही. पाचवी मोकळी, चौथीवर दुसरा पडदा, तिसरी मोकळी, दुसरीवर तिसरा पडदा, पहिली मोकळी. दोनच बोटं. आवाज भरीव आणि थोडा वाट बघणारा.

पहिलं इन्व्हर्जन, दारात म: पाचवी आणि सहावी सोडा. चौथी मोकळी, तिसरी मोकळी, आणि पहिल्या दोन तारांवर पाचव्या पडद्यावर एकच बोट आडवं. हे ऐकलं की डी हाच सा आहे असं वाटू लागतं. दुर्गेच्या दिशेनं कान वळतो.

दुसरं इन्व्हर्जन, दारात प: ते आपण वाजवलंच, मोकळ्या चार तारा. भरून हवं असेल तर मूळ मांडणी तशीच ठेवून सहावी तारही छेडा.

तिसरं इन्व्हर्जन, दारात कोमल नी: सहाव्या तारेवर तिसरा पडदा, दुसऱ्या तारेवर तिसरा पडदा, बाकी सगळं मोकळं. आता जी घर वाटू लागतं आणि भूपाची चाहूल येते.

मेजर कॉर्ड उलटी केली तरी तिचं नाव कानाला लगेच कळतं, कारण आतला गंधार ओळख देत राहतो. सस कॉर्डमध्ये तो ओळखपत्र दाखवणारा स्वरच नाही. त्यामुळे दारात जो उभा, घर त्याचं. म्हणून या कॉर्डची इन्व्हर्जन्स घोकून पाठ करण्यापेक्षा खालचा स्वर गुणगुणत वाजवा.

जगभर याच गोष्टीनं लोकांना चकवलंय. बीटल्सच्या १९६४ च्या 'अ हार्ड डेज नाईट'ची पहिली झंकार आठवा. ती कॉर्ड नक्की कोणती, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. जॉर्ज हॅरिसननं पुढं सांगितलं की त्याच्या बारा तारांच्या गिटारवर एफ होता आणि वर जी. पण खालचा स्वर पॉलला विचारा! कॉर्डचं नाव खालच्या स्वरावर टांगलेलं होतं. आणि १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'मध्ये बिल एव्हान्सनं पियानोवर जी गाजलेली जोडी वाजवली, तिची पहिली कॉर्ड आहे ई, ए, डी, जी, बी. ओळखीची वाटली? गिटारच्या जाड्या पाच मोकळ्या तारा! जाझवाल्यांनी एक मोठं काम केलं. लटकलेल्या स्वराला खाली उतरायची सक्ती त्यांनी काढून टाकली. लटकू दे, म्हणाले, छान वाटतंय.

माजोर्ड्याचा अँथनी

'पण रागात कॉर्ड?' हा प्रश्न माझ्या आधी कितीतरी मोठ्या माणसाला पडला होता. त्याचं नाव तुम्ही हजारदा ऐकलंय. अँथनी गोन्साल्विस. हो, 'अमर अकबर अँथनी' या १९७७ च्या सिनेमातलं गाणं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते याच खऱ्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, आणि त्या गाण्यातून गुरूचं नाव घराघरात गेलं.

अँथनीसर गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायची जुनी परंपरा होती. तिथून तयार झालेले वादक मुंबईच्या सिनेसंगीतात आले. सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट ही त्यातलीच नावं. संगीतकार चाल द्यायचे, आणि तिच्या खाली कोणते स्वर उभे करायचे हे बऱ्याचदा ही मंडळी ठरवायची. रागाची चाल आणि युरोपची हार्मनी यांची गाठ दररोज त्यांच्या टेबलावर पडत होती.

बाकीच्यांनी ते काम म्हणून केलं. अँथनीसरांना त्यातून पुढं जायचं होतं. १९५८ साली त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा ऑर्केस्ट्रा उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला बोलावलं, आणि रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. त्यांच्या रचनांमध्ये एक कॉन्चेर्टो होता. कोणत्या रागात? सारंग.

मी हे वाचलं आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. सानगडीच्या तालमीत मी जिथं अडलो, त्याच रागापाशी तो माणूस कितीतरी वर्षं आधी अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन उभा होता. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. परत आल्यावर माजोर्ड्यात राहिले आणि २०१२ साली गेले. गाण्यातलं नाव सगळ्यांच्या तोंडी, आणि सारंगातला कॉन्चेर्टो? तुमच्यापैकी किती जणांनी आजच्या आधी त्याबद्दल ऐकलं होतं? मी नव्हतं ऐकलं.

मामाची दुरुस्ती

आता गोष्टीचा शेवट. दोन वर्षांनी दिवाळीनंतर मी परत गिटार घेऊन मामाकडे गेलो. तोवर त्याची बोटं थरथरू लागली होती आणि स्टेजवर त्याच्या जागी कीबोर्डवाला मुलगा बसत होता. मामा ओट्यावर होता. मी म्हटलं, "मामा, सारंगाचं ते पद म्हणा ना." तो म्हणू लागला. मी मूळ मांडणीतली ए सेव्हन सस फोर धरली. त्यानं मान हलवली, गात राहिला.

ओळीच्या शेवटी मी पुस्तकात शिकलो तेच केलं. लटकलेला मध्यम सोडवला. दुसऱ्या तारेवरचं बोट तिसऱ्या पडद्यावरून दुसऱ्यावर आणलं. म वरून ग वर.

मामा थांबला. "आला पाय तुया गंधार. इतकं चांगलं चाललं होतं."

मी म्हटलं, "पण मामा, तो स्वर लटकलेला असते. त्याले खाली उतराच लागते."

"मंग उतर ना. पन ग वर कायले थांबतस? सारंगात म वरून सीधा रे वर येतेत."

म वरून रे. मी बोट उचललं. फक्त उचललं. दुसरी तार मोकळी झाली: बी, म्हणजे रिषभ. सा, प, नी, रे, प.

(इथे दोन कॉर्ड लागोपाठ आहेत: आधी दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यासह, मग ती तार मोकळी.)

ऐका परत. ताण सुटला, आणि गंधार आलाच नाही. चारशे वर्षं पुस्तकं सांगत होती की लटकलेला स्वर ग वर उतरतो. जाझवाले म्हणाले, उतरायची गरजच नाही. आणि सानगडीच्या ओट्यावर, रामोचं नावही न ऐकलेल्या माणसानं तिसरा रस्ता दाखवला: उतर, पण रागाच्या वाटेनं उतर.

त्या मंडईला मी वाजवलं. ऑर्गन नव्हता, कीबोर्डच्या शेजारी बसलो होतो. मामा खाली ताडपत्रीवर, पहिल्या रांगेत. ते पद आलं, ओळ संपली, मी बोट उचललं. मामानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो ठेका धरून मान हलवत होता. तालमीत ज्या माणसानं भाता थांबवला होता, तो या वेळी थांबला नाही. मला तेवढं पुरलं.

तर मंडळी, आजचा अभ्यास. चारही मांडण्या, रोज पाच मिनिटं, एक आठवडा. प्रत्येक वेळी सगळ्यांत खालचा स्वर तोंडानं म्हणायचा. मग मूळ मांडणी धरून तीन शेवट वाजवा: एकदा ग वर उतरा, एकदा लटकतंच ठेवा, एकदा बोट उचलून रे वर या. कोणता कुठं शोभतो ते तुमचा कान सांगेल. आणि घरात जुनं वाजवणारं, गाणारं कुणी असेल, तर त्यांच्यासमोर वाजवा. थांबवतील कदाचित. का थांबवलं, ते तिथंच विचारा. माझ्यासारखी दोन वर्षं घालवू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर तारा सुरात ठेवा. रामराम.